ब्लॉक सापडतो, माणूस सापडत नाही

हॉटएअर नावाचा एक लांबलचक आरएनए आहे. बारा नंबरच्या गुणसूत्रावरून तो निघतो, बावीसशेच्या आसपास अक्षरांचा असतो आणि त्यातून एकही प्रथिन तयार होत नाही. दोन नंबरच्या गुणसूत्रावरच्या जनुकांचा एक पट्टा तो बंद करायला लावतो. २००७ साली अमेरिकेत तो ओळखला गेला. चार वर्षांनी जपानी डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत त्याचं प्रमाण मोजलं. ज्यांच्या गाठीत तो जास्त, त्यांच्या यकृतात कॅन्सर पोचण्याचं प्रमाण जास्त आणि आयुष्य कमी, असं निघालं.

त्यानंतर पचनसंस्थेचा एकही अवयव संशोधकांनी सोडला नाही. अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, आतडी. एच-१९, मॅलॅट-१, यूसीए-१, पीव्हीटी-१ अशी नावं, आणि मिर-२१ सारखे अगदी छोटे आरएनए, म्हणजे मायक्रो-आरएनए. निबंधांचा शेवट बहुधा एकाच चालीचा असतो: रुग्णाचं पुढे काय होणार हे सांगायला हा आरएनए उपयोगी पडू शकेल. नगरमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करत हे वाचताना माझं लक्ष दरवेळी एकाच गोष्टीकडे जातं. आरएनए मोजायला गाठीचा तुकडा लागतो, आणि अंदाज बांधायला त्या तुकड्याच्या माणसाचं पुढे काय झालं हे तारखेनिशी माहीत असावं लागतं. तुकडे आमच्याकडे आहेत.

*

एंडोस्कोपीच्या चिमट्याने काढलेला तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. फॉर्मलिनच्या बाटलीत तो येतो, बाटलीवर चिकटपट्टीने नाव. त्याला प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवायचं आणि कॅसेटवर नंबर पेन्सिलीने लिहायचा, कारण पुढच्या अल्कोहोल आणि झायलीनच्या आंघोळीत साधी शाई धुऊन जाते, पेन्सिल राहते. पाणी काढून घेतलं की गरम मेण भरायचं. गार झाल्यावर मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर अलगद उचलायचे, रंगवायचे. मग मायक्रोस्कोप आणि रिपोर्ट.

उरलेला मेणाचा ब्लॉक कपाटात जातो. वर्षानुवर्षं टिकतो. एप्रिल-मेमध्ये खोली तापली की मेण मऊ पडतं आणि शेजारचे ब्लॉक एकमेकांना चिकटतात, ते सोडवत बसावं लागतं, एवढंच. पण नंबर सांगितला तर दहा वर्षांपूर्वीचा ब्लॉकसुद्धा थोड्या वेळात हाती येतो. अशी कपाटं लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयात असतील, विळद घाटातल्या महाविद्यालयात असतील, शहरातल्या खाजगी लॅबमध्ये असतील. जिल्ह्यातल्या कॅन्सरचा कितीतरी वर्षांचा इतिहास मेणात जपून ठेवलेला आहे.

*

फॉर्मलिन पेशींचा आकार राखतं, पण आरएनएचे तुकडे पाडतं. दोन-अडीच हजार अक्षरांचा हॉटएअर जुन्या ब्लॉकमधून अखंड मिळण्याची आशा धरू नये; त्याचे शे-दोनशे अक्षरांचे अवशेष मिळतात आणि त्यावर भागवावं लागतं. मायक्रो-आरएनए मात्र मुळातच बावीस-एक अक्षरांचे. तोडायला फारसं काही नसल्यामुळे ते जुन्या मेणातही बऱ्यापैकी टिकतात. उणे ऐंशीचा फ्रीझर, द्रव नायट्रोजन, अखंड वीज यांतलं काहीच जिथे गृहीत धरता येत नाही, तिथे हा फरक फार मोठा आहे. आमच्या कपाटांतून कधी काही काम व्हायचं असेल तर ते या छोट्यांवरच होईल, असं मला वाटतं.

*

हे आरएनए करतात काय, ते थोडक्यात. माणसाच्या डीएनएत प्रथिनांचा मजकूर दोन टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्या भागातूनही भरपूर आरएनए उतरवला जातो; त्यातून प्रथिन बनत नाही, म्हणून त्याला नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. त्यातला काही नियमनाच्या कामाचा: कोणतं जनुक कधी चालू, कधी बंद, किती चालू. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत पहिला मायक्रो-आरएनए दाखवला, तेव्हा बहुतेकांना ती त्या कृमीपुरती गोष्ट वाटली. २००० साली दुसरा, लेट-७, सापडला आणि तो माणसातही निघाला. २०२४ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं.

कॅन्सरमध्ये हे नियमन बिघडतं. मिर-२१ चं उदाहरण घ्या. पेशीच्या वाढीला आवर घालणारं पीटेन नावाचं प्रथिन आहे. मिर-२१ वाढला की पीटेन कमी बनतं, आवर सुटतो. यकृताच्या कॅन्सरमध्ये २००७ साली हे दाखवलं गेलं. म्हणजे मिर-२१ जास्त असणं हा नुसता योगायोग नाही, त्यामागे कारण सांगता येतं. मार्करच्या, म्हणजे आजाराचा अंदाज देणाऱ्या रेणूच्या, मागे असं कारण असलं की माझा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो. पुरावा म्हणून मात्र ते पुरेसं नाही.

*

मोजायचं यंत्र कोणतं, असं आमच्या टेक्निशियनने विचारलं. आरटी-पीसीआर. २०२० नंतर हा शब्द पारनेरच्या वाडीवरच्या म्हातारीलाही पाठ झाला. कोविडच्या विषाणूचा आरएनए ज्या तंत्राने शोधला, त्याच तंत्राने गाठीतला आरएनए मोजतात. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात यंत्रं आली, माणसं शिकली. यंत्राची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही.

*

२००८ साली जानेवारीत प्रसिद्ध झालेला मिर-२१ वरचा निबंध मला आदर्श वाटतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे मेरिलँडमधले ८४ रुग्ण आधी तपासले. तिथे जे दिसलं ते हाँगकाँगच्या ११३ रुग्णांवर पुन्हा पडताळलं. दोन देश, दोन वंश, दोन तऱ्हेचं खाणंपिणं, आणि दोन्हीकडे निष्कर्ष एकच: गाठीत मिर-२१ जास्त असेल तर जगण्याची शक्यता कमी. हाँगकाँगचे ते रुग्ण १९९१ ते २००० या काळात दाखल झालेले होते. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं त्यांच्या फाइली नीट ठेवल्या, कोण हयात आहे हे विचारत राहिलं आणि लिहून ठेवलं. मिर-२१ चं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. नोंद ठेवणाऱ्या त्या अनामिक कारकुनाबद्दल किंवा नर्सबद्दल मला निबंधाच्या लेखकांइतकाच आदर आहे.

*

कॅप्लन आणि मायर या दोघांनी १९५८ साली जगण्याचा आलेख काढायची जी रीत सांगितली, ती आजही प्रत्येक निबंधात असते. जिना उतरावा तशी रेषा डावीकडून उजवीकडे खाली येते. प्रत्येक पायरी म्हणजे एक मृत्यू. रेषेवर अधूनमधून छोट्या उभ्या खुणा असतात. ती खूण म्हणजे या तारखेपर्यंत माणूस जिवंत होता, पुढचं माहीत नाही.

गणितात या खुणेची सोय आहे, पण एका अटीवर: जो नजरेआड झाला, त्याचं पुढे साधारण तेच झालं असावं, जे नजरेसमोर राहिलेल्यांचं झालं. नगर जिल्ह्यात ही अट टिकत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगाम संपेपर्यंत गावी फक्त म्हातारी माणसं नि लहान पोरं. अशा घरातल्या चाळिशीच्या माणसाला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, दोन केमो झाल्या आणि तिसऱ्याला तो आला नाही, तर फाइलवर शेरा पडतो, 'पुन्हा आला नाही'. तो बरा वाटलं म्हणून गेला का, उचल फेडायची म्हणून बायकोबरोबर फडावर गेला का, की घरीच पडून आहे, हे फाइलला ठाऊक नसतं. आलेखावर फक्त एक उभी खूण.

आमच्या भागातल्या रुग्णांचा असा आलेख कुणी काढला तर पायऱ्या थोड्या आणि खुणाच खुणा दिसतील. आणि त्या खुणांमधले बरेचसे गेलेले असतील.

*

यात आणखी एक फसगत दडलेली आहे. तिच्यावर मी बराच विचार केला आहे.

हा जिल्हा पाण्याने दोन भागांत विभागलेला आहे. उत्तरेकडे भंडारदऱ्याचं पाणी. धरण १९२६ चं. त्या पाण्यावर ऊस, उसावर कारखाने. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा. त्याच पट्ट्यात पुढे कॉलेजं आली, रुग्णालयं आली. पूर्व आणि दक्षिण भाग कोरडवाहू. राहात्याचा रुग्ण लेकाच्या गाडीतून येतो आणि पुन्हा येतो. जामखेडच्या पलीकडचा एसटी बदलत येतो, एकदाच येतो आणि उशिरा येतो.

आता समजा, दोघांच्या गाठीतला एखादा लांब आरएनए मोजला. राहात्याच्या रुग्णाचं ऑपरेशन मोठ्या ठिकाणी झालं, गाठ लगेच पुरेशा फॉर्मलिनमध्ये पडली, आरएनए बरा टिकला. दुसऱ्याचं लहान ठिकाणी झालं, गाठ तासन्‌तास तशीच राहिली, मग अपुऱ्या फॉर्मलिनमध्ये आली, आरएनए निम्मा नासला. मोजणीत दुसऱ्याचा आरएनए कमी दिसणार. दुसराच लवकर जाणार, कारण तो आलाच उशिरा आणि उपचार अर्धवट राहिले. मग निबंधात छापून येईल की अमुक आरएनए कमी असेल तर आयुष्य कमी. आकडे खरे, गणित बरोबर, आणि मोजलं गेलं ते प्रत्यक्षात कालव्यापासूनचं अंतर.

मोजणी करणारे यासाठी न बदलणाऱ्या एखाद्या आरएनएशी तुलना करतात, नासकेपणाचाही आकडा काढतात. त्याने फसगत कमी होते, पण पूर्ण जात नाही, कारण सगळे आरएनए सारख्याच वेगाने नासत नाहीत. गाठ कधी निघाली आणि फॉर्मलिनमध्ये कधी पडली या दोन वेळा बाटलीवर लिहिल्या तर निदान तपासता येईल. कुणी लिहीत नाही. एकदा तर एका ठिकाणाहून अख्खी जठराची गाठ साध्या सलाइनमध्ये आली होती, शनिवारची निघालेली, सोमवारी. त्या बाईंच्या गाठीची प्रत नीट ठरवता आली नाही, आणि पुन्हा तुकडा काढायला दुसरी गाठ नव्हतीच.

*

'जास्त' म्हणजे किती? बहुतेक निबंधांत रुग्णांचे मोजलेले आकडे चढत्या क्रमाने लावतात आणि बरोबर मधोमध रेघ मारतात. वरचे अर्धे 'जास्त', खालचे 'कमी'. म्हणजे तोच रुग्ण एका रुग्णालयात 'जास्त' गटात आणि दुसऱ्यात 'कमी' गटात. हिमोग्लोबिन असं मोजत नाहीत. साखर असं मोजत नाहीत. जोवर एक ठरलेला आकडा नाही, तोवर नगरच्या लॅबने रिपोर्टवर छापायचं तरी काय?

*

मॅलॅट-१ चा धडा. २००३ साली जर्मनीत फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये सापडला. कॅन्सर पसरण्याशी त्याचा संबंध दिसला, तो संबंध त्याच्या नावातच घातला गेला. मग आतड्यात, यकृतात, जठरात, सगळीकडे 'जास्त म्हणजे वाईट' असे निबंध आले. २०१२ मध्ये उंदरांमधून तो पूर्ण काढून टाकला, उंदीर व्यवस्थित जगले. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या एका गटाने दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पसरण्याला उलट आळा घालतो. एकाच रेणूबद्दल पंधरा वर्षांत इतकी उलटापालट. याचा अर्थ विषय पोकळ आहे असा मी घेत नाही. अवयव बदलला की रेणूचं काम बदलतं, आणि एका गाठीवरून दुसऱ्या गाठीचा अंदाज करण्याची घाई झाली, एवढा घेते.

*

निबंधांच्या कारखान्यांबद्दल, म्हणजे पैसे घेऊन बनावट निबंध पुरवणाऱ्यांबद्दल, लिहायलाच हवं. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर बर्न यांनी फ्रान्सच्या सिरिल लाब्बे यांच्याबरोबर एक साधी पडताळणी सुरू केली: निबंधात ज्या जनुकाचं नाव आहे, प्रयोगासाठी वापरलेली अक्षरमाळ खरंच त्याच जनुकाची आहे का? ढिगांनी निबंध नापास झाले. नॉन-कोडिंग आरएनए आणि कॅन्सर हा विषय या कारखान्यांचा आवडता, कारण नावं शेकड्यांनी आहेत, अवयव बदलला की नवा निबंध तयार. असे निबंध एकत्र करून पुन्हा सरासरी काढली की तिला भारदस्तपणा येतो. ज्यांच्या आयुष्याबद्दल हे लिहिलेलं असतं त्यांचा विचार करून मला संताप येतो.

*

"मॅडम, किती दिवस?" हा प्रश्न पॅथॉलॉजिस्टला सहसा कुणी विचारत नाही, आम्ही खोलीच्या आत. पण रिपोर्ट घ्यायला आलेला मुलगा दारात घुटमळतो. आबांना सांगू नका म्हणतो. मग हळूच विचारतो, बहिणीचं लग्न या सिझनला उरकून घ्यावं का? वावर विकून पुण्याला नेऊ का?

प्रोग्नोसिस, म्हणजे आजाराच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज, नगर जिल्ह्यातल्या घरात हा असा असतो. औषध निवडण्यापलीकडे लग्नं, जमिनी, कर्जं, उचल यांचे निर्णय त्यावर उभे असतात, आणि माझ्या मते ते निर्णय औषधाच्या निर्णयाइतकेच गंभीरपणे घ्यायला हवेत. त्या मुलाला मिर-२१ दुप्पट आहे असं सांगून काही हाती लागत नाही. 'धोका दुप्पट' हे शंभर माणसांच्या गटाबद्दलचं वाक्य आहे. एकट्या आबांबद्दल बोलायला आजही जुन्याच गोष्टी कामाला येतात: गाठ भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथी किती बाधित, यकृतात काही आहे का. आणि त्याहून साधं: भाकरी उतरते का, की फक्त पेज आणि दूध, तीन महिन्यांत किती किलो उतरलं, स्वतः उठून बाहेर जातात का. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये उतरलेलं वजन हा चांगला सिद्ध झालेला निदर्शक आहे. त्याला लागतो वजनकाटा.

*

सीईएची गोष्ट. १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या गाठीत हे प्रथिन शोधलं. रक्ताच्या एका तपासणीत कॅन्सर कळणार, अशी आशा निर्माण झाली. पुढे ते बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढलेलं दिसलं, यकृताच्या आजारातही दिसलं. कॅन्सर शोधण्यासाठी ते निरुपयोगी ठरलं. ऑपरेशननंतर आजार परत येतोय का यावर लक्ष ठेवायला मात्र ते कामाचं आहे, आणि आजही आहे. आपली नेमकी जागा सापडायला त्याला कित्येक वर्षं लागली. आमच्याकडे मात्र पोट दुखतं म्हणून 'ट्यूमर मार्कर'चं पॅकेज करून आलेली माणसं भेटतात, सीईए किंचित वाढलेलं, आणि घरदार चार रात्री झोपलेलं नाही. आरएनएची रक्तचाचणी बाजारात आली तर हेच होईल, आणि ते थांबवायची तयारी आत्तापासून हवी.

*

लांब नॉन-कोडिंग आरएनएपैकी रुग्णालयापर्यंत खऱ्या अर्थाने पोचला तो पीसीए-३. प्रोस्टेटचा, पचनसंस्थेचा नाही. २०१२ साली अमेरिकेत त्याच्या लघवीतल्या चाचणीला परवानगी मिळाली, कारण ती एका निश्चित प्रश्नाला बांधलेली होती: पहिल्या तुकड्यात काही निघालं नाही, तर पुन्हा तुकडा काढायचा की नाही?

आतड्याच्या बाबतीत २०२२ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग असाच. तिथे आरएनए नव्हता, रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए होता. दुसऱ्या टप्प्याच्या ४५५ रुग्णांमध्ये केमो द्यायची की नाही हे एका गटात त्या चाचणीवर ठरवलं. त्या गटात केमो घेणारे १५ टक्के, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्के. आजार परत येण्यात दोन वर्षांपर्यंत तसा फरक नाही. पाथर्डीच्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो ते पाहा. केमो महात्मा फुले योजनेत बसते, पण जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाची मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. नको असलेली सहा महिन्यांची केमो वाचली तर एक हंगाम वाचतो. असा निर्णय बदलणारी चाचणी आली तर ती मला आजच हवी आहे.

*

टाटा मेमोरियलच्या पाहणीत आपल्याकडचे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरेच तरुण दिसले, सरासरी वय पन्नाशीच्या आत. 'सिग्नेट रिंग' पेशींचा वाईट प्रकारही आपल्याकडे जास्त. मायक्रोस्कोपखाली या पेशी एकदा पाहिल्या की विसरत नाहीत: आत श्लेष्माचा फुगा, केंद्रक एका कडेला दाबलेलं. बाहेरच्या देशांत साठी-सत्तरीच्या माणसांवर बेतलेला मार्कर पस्तिशीच्या सिग्नेट रिंगला लागू पडेलच असं नाही. आणि अन्ननलिका: देशात वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण. आपल्याकडे तंबाखू-चुना, मशेरी, दारू. नॉन-कोडिंग आरएनएवरचे बहुसंख्य निबंध चीनमधून येतात. तिथली अन्ननलिकेच्या कॅन्सरची कारणं आणि आपली कारणं पूर्ण सारखी नाहीत. आपलं आपणच मोजायला हवं.

*

जामखेड तालुका ओलांडला की भूम-परांडा, आणि पुढे बार्शी. तिथे १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. डॉ. भा. म. नेने यांचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी ती उभी केली. खेड्यात रुग्णालयाची कागदपत्रं नसतात, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्णाला बार्शीला घेऊन आले, आणि पुढे त्याचं काय झालं तेही विचारत राहिले. त्यातून एक जास्तीचं फळ मिळालं: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या.

त्याच मंडळींनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा आठ वर्षं पाठपुरावा केला. २००९ साली निकाल आला: एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. जगभर तो निकाल वाचला गेला. 'खेड्यात पाठपुरावा होत नाही' असं कुणी म्हणालं की मी बार्शीचं नाव घेते. होतो. माणसं नेमावी लागतात आणि वर्षानुवर्षं त्यांना पगार द्यावा लागतो.

*

आणि खुद्द जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांना घराघरातलं माहीत असे. आज तीच जागा आशाताईंची. कॅन्सरच्या फाइलवरचा फोन नंबर बहुतेकदा भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा असतो, वर्षभरात बंद पडतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत कारण धड लिहिलेलं नसतं. आशाताईला मात्र नाव आणि वस्ती सांगितली की ती लगेच सांगते, "ते व्हय, ते गेले की मागच्या पोळ्याला." तारीख पोळ्यावरून काढता येते.

फोन करताना एक काळजी घ्यावी लागते. "पेशंटची तब्येत कशी आहे?" असं विचारलं आणि पलीकडे बायको असली, माणूस जाऊन दोन वर्षं झालेली असली, तर तिला ते पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. आधी आशाताईला विचारायचं. मग घरी. घरी विचारायचं तर सुरुवात "घरी सगळे कसे आहात?" अशी, आणि ती बोलेल तेवढं ऐकून घ्यायचं.

*

करायचं ते असं ठरवते आहे. एकच तालुका, पाथर्डी. एकच अवयव, अन्ननलिका. आधी एथिक्स कमिटीची परवानगी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उरलेल्या नमुन्यांबद्दल सविस्तर लिहिलेलं आहे. नव्या रुग्णांसाठी संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, वाचून दाखवायचं, आणि "याचा आम्हाला काय उपयोग?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं: तुम्हाला लगेच काहीही नाही.

तपासणीच्या फॉर्मवर रकाने वाढवायचे. गावासोबत वस्तीचं नाव. दोन फोन नंबर, ते कुणाचे. आशाताईचं नाव. ऊसतोडीला जातात का. जात असतील तर कुठल्या कारखान्याला, मुकादम कुठल्या गावचा. आजचं वजन, तीन महिन्यांपूर्वीचं वजन. काय खाता येतं. तुकडा काढल्याची वेळ, फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ.

जुन्या ब्लॉकसाठी वेगळी वही. एका बाजूला ब्लॉकचा नंबर, दुसऱ्या बाजूला दोन तारखा: रिपोर्टची, आणि माणूस जिवंत असल्याचं ज्या दिवशी शेवटचं नक्की कळलं ती. ज्यांचा पत्ता लागणार नाही त्यांचीही यादी, त्यांच्या वाडीवस्तीसह, म्हणजे कोणत्या भागातली माणसं जास्त हरवतात ते दिसेल. मेणाचे काप मिर-२१ साठी पाठवायचे ते ही वही भरल्यावर.